दिसेल असा चेंडू

शरच्चंद्र लिमये आपल्या बायकोच्या कानाशी बोलू लागले, त्याला सातआठ महिने झाले होते. म्हणजे बोलायचे मंदाकिनीबाईंशीच, पण नजर असायची त्यांच्या उजव्या कानाच्या जरा वर, जणू मागे कुणीतरी उभं आहे. बाईंनी एकदा विचारलंही, "अहो, मागे कोण आहे?" त्यावर "कोण असणार," एवढंच उत्तर आलं. एकेचाळीस वर्षांच्या संसारानंतर नवरा नजर चुकवायला लागला तर त्याची कारणं काय काय असू शकतात, याचा विचार बाईंनी काही दिवस केला आणि मग सोडून दिला. त्यांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं होतं. अपुऱ्या माहितीवर उत्तर काढू नये, हे त्या मुलांना सांगत आल्या होत्या.

दिवाळीनंतर शरच्चंद्रांनी गाडी चालवणं बंद केलं. गुडघा दुखतो म्हणाले. मग दर बुधवारी आणि रविवारी सकाळी कोथरूडहून चांदणी चौकावरून पुढे, भूगावच्या पलीकडच्या त्या छोट्या नऊ होलच्या गोल्फ मैदानावर त्यांना सोडायचं काम बाईंकडे आलं. शरच्चंद्र कंपनीतून निवृत्त झाल्यावर हा खेळ शिकले होते. फार चांगले खेळत होते अशातला भाग नाही, पण जिवापाड खेळत होते. बाई कँटीनच्या ओट्यावर सुडोकू सोडवत बसायच्या.

त्याच सुमारास शरच्चंद्रांची चेंडूंबद्दलची कुरकुर सुरू झाली.

"चेंडूच धड नाही. कडक आहे. हाताला झिणझिण्या येतात."

मग मऊ चेंडू आले. पंधरा दिवसांनी तेही वाईट ठरले. मग महागातले, तीन थरांचे आले. ते हिरवळीवर लवकर थांबतात म्हणे. थांबायचे कुठे, ते मात्र कळत नसे, कारण एका फेरीत पाचसहा हरवायचे. कपाटाच्या खालच्या कप्प्यात अर्धवट भरलेले नऊ खोके जमले, तेव्हा बाई म्हणाल्या, "एकदा नीट निवडून तरी घ्या."

"तेच म्हणतोय. बाणेरला जाऊ. तिथला मुलगा मापं घेऊन देतो."

तिथला मुलगा म्हणजे रणजित. चाळिशीला आलेला, मूळचा धायरीचा. शेतजमिनीवर इमारती उभ्या राहिल्यावर त्याने हे दुकान टाकलं होतं, आणि ग्राहकाला नको ते गळ्यात मारायचं नाही, अशी त्याची ख्याती होती. दुकानाच्या मागच्या बाजूला जाळी लावलेली होती, हिरवी चटई होती आणि फटक्याचा वेग मोजणारं यंत्र होतं.

"काका, लोक चेंडू निवडताना सगळ्यात लांब जाणारा निवडतात," रणजित म्हणाला. "तुमच्याआमच्यासारख्यांनी उलटं करायचं. होलपाशी सुरुवात करायची. तिथे जो हाताला बरा वाटेल, तोच लांबही मारायचा. आणि एकदा ठरला की बदलायचा नाही. दर आठवड्याला नवा चेंडू घेतला तर चूक आपली की चेंडूची, कळणार कसं?"

बाईंना हा माणूस आवडला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असंच त्यांनीही शिकवलं असतं.

शरच्चंद्रांनी दहा फटके मारले. यंत्रावरचे आकडे बघून रणजित म्हणाला, "वेग मस्त आहे. या वयाला एवढा कुणाचा नसतो." मग त्याने काठीच्या तोंडावर पांढरी भुकटी फवारली आणि आणखी सहा चेंडू मारायला सांगितले. चेंडू लागेल तिथली भुकटी उडते आणि ठसा राहतो. सहा फटक्यांनंतर त्याने काठी उजेडात धरली. एक ठसा टोकाला होता, एक पार बुडाशी, दोन वरच्या कडेला, दोन खालच्या. मधोमध एकही नव्हता.

चटईवर त्याने पांढरा, पिवळा आणि लाल असे तीन चेंडू हातहात अंतरावर ठेवले. "काका, आता पिवळा मारा."

शरच्चंद्र पुढे झाले. मान किंचित वाकडी केली, नजर चेंडूंच्या पलीकडे कुठेतरी नेली, काठी टेकवली आणि मारली. ती पिवळ्या आणि लाल चेंडूंच्या मधून, नुसत्या चटईवरून सपकन गेली.

"काकू," रणजित हळूच म्हणाला, "एवढ्यात डोळे दाखवलेत का?"

"कान शाबूत आहेत माझे, रणजित," शरच्चंद्र पाठमोरेच म्हणाले.

बाईंनी गाडीत बसून किल्ली फिरवली आणि पुन्हा बंद केली.

"केव्हापासून?"

"दसऱ्याच्या आधीपासून."

"दाखवलंत?"

"दोघांना दाखवलं. पडद्याची झीज आहे. मधलं जातं, कडेचं राहतं. यावर इंजेक्शन चालत नाही, ते दुसऱ्या प्रकाराला."

"आणि गुडघा?"

"गुडघा ठणठणीत आहे."

बाई समोरच्या काचेकडे बघत राहिल्या. "मला सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगून काय झालं असतं? आहे ते आहे." मग थोड्या वेळाने, नेहमीसारखं कानाकडे तोंड करून ते म्हणाले, "सरळ बघितलं की तुझा चेहराच जातो. नुसता धुरकट डाग. जरा बाजूला बघितलं की निम्मा तरी येतो."

बाईंनी गाडी सुरू केली. चांगले पाचसहा महिने त्या या माणसावर मनातल्या मनात रुसून होत्या. ते आता कुणाला सांगणार?

पुढच्या आठवड्यात त्या स्वतः त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेल्या. डॉक्टर शेफाली वयाने तरुण होत्या, घाई न करता बोलणाऱ्या. बाईंनी वहीत प्रश्न लिहून नेले होते. किती टक्के गेलं, दर वर्षी किती जाईल, कुठे थांबेल. डॉक्टरांनी चित्र काढून सगळं समजावलं, पण त्यात बाईंना हवा असलेला एकही आकडा नव्हता. "वेग कमी व्हावा म्हणून गोळ्या देते. बाकी, काकू, आपण नजर ठेवू," त्या म्हणाल्या. आपण काय बोललो हे ध्यानात येऊन त्यांनी मान खाली घातली.

आपल्या हातात काही नाही, हे मान्य करणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी रणजितला फोन केला आणि वेगवेगळ्या रंगांचे सहा चेंडू मागवले. सोसायटीच्या बागेत सकाळी, दुपारी आणि ऊन उतरल्यावर त्या ते गवतावर मांडायच्या आणि नवऱ्याला पावलापावलाने मागे न्यायच्या. "आता दिसतोय? आता?" तळमजल्यावरच्या कौशल्याबाई खिडकीतून बघत असत. लाल चेंडू हिरवळीत पार विरघळून जायचा. नारिंगी वाळक्या गवतात नाहीसा व्हायचा. चकाकणारा पांढरा उन्हात दोन दिसायचा. चार दिवसांनी निकाल लागला. बिनचकाकीचा पिवळा, दोन थरांचा, मऊ. सकाळच्या तिरप्या उन्हात, मान डावीकडे करून, चार फुटांवरून दिसतो.

"हाच," बाई म्हणाल्या.

"हाच," शरच्चंद्रही म्हणाले. ते खरं बोलले की बायकोचं मन राखलं, हे बाईंनी विचारलं नाही.

चेंडू हवेत गेल्यावर कुठे पडला हे बघायचं काम बाईंचं ठरलं. रविवारी त्या पहिल्यांदाच ओटा सोडून मैदानात उतरल्या. बाकी खेळणारे पुढे निघून गेल्यावर दोघांनी सुरुवात केली. पहिल्या होलला चेंडू दोनदा गवताला घासून जेमतेम पुढे गेला. दुसऱ्याला बाईंनी तो उडताना पाहिला आणि लगेच गमावला. साडेसहा दशकांत आकाशात काही शोधायची वेळच आली नव्हती. पाऊण तास शोधूनही तो सापडला नाही.

"दुसरा लाव," शरच्चंद्र शांतपणे म्हणाले.

तिसऱ्या होलपाशी बाईंनी स्वतःच्या हाताने चेंडू जमिनीत रोवलेल्या छोट्या खुंटीवर ठेवला. त्यांच्या खांद्याला धरून दिशा दिली. मग मागे सरून त्यांनी नजर चेंडूवर खिळवली. या वेळी तो सोडायचा नाही, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. त्यामुळे पुढे उंचवट्याआड गवत कापत बसलेली बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली, ते त्यांना दिसलं नाही. दिसलं तेव्हा काठी खाली येऊन गेली होती.

फटका मधोमध बसला. त्या आवाजावरूनच कळलं की सहा महिन्यांत असा बसला नव्हता. चेंडू खालून, सरळ रेषेत गेला. बाईंनी तो शेवटपर्यंत पाहिला. ती बाई गर्रकन फिरली आणि खाली बसली.

"सरळ गेला ना?" शरच्चंद्रांचा आवाज आनंदाने चढला होता. "मंदा, कुठे पडला? सांग ना."

मंदाकिनीबाईंनी आधी काठी त्यांच्या हातातून काढून घेतली.

तिचं नाव हिरा. मैदानाच्या पलीकडच्या वस्तीत राहणारी, गवत कापायच्या कामाला येणारी. चेंडू डाव्या दंडावर बसला होता. तिघं बाईंच्या गाडीतून कोथरूडच्या दवाखान्यात आले. फोटो काढला. हाड तुटलं नव्हतं, बारीक चीर होती. हात गळ्यात बांधून तीन आठवडे ठेवायचा होता.

"तीन आठवडे?" हिरा म्हणाली. "गवत काय थांबतंय व्हय तवर."

ती बाकावर बसली होती. शेजारी शरच्चंद्र बसले होते. दवाखान्याचा फॉर्म त्यांनी उलटा धरला होता. हिराने तो पाहिला, मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"सायबांना दिसत न्हाई व्हय?"

"चूक माझी आहे, हिराबाई," बाई घाईने म्हणाल्या. "बघायचं काम माझं होतं."

"तिचं नव्हतं," शरच्चंद्र म्हणाले. "मला दिसत नाही, बाई. सात महिने दिसत नाही. मी मारायलाच नको होतं." परक्या माणसासमोर ते हे पहिल्यांदाच बोलत होते, आणि बोलताना त्यांची मान खाली होती.

हिराने थोडा विचार केला. "जरा वर आला आस्ता तर डोस्क्यात बसला आस्ता," ती म्हणाली. रागाने नाही, हिशोब सांगावा तशी.

त्याच संध्याकाळी शरच्चंद्रांनी क्लबच्या चिटणिसांना फोन करून आपलं नाव काढून टाकायला सांगितलं. चिटणीस म्हणाले, घाई करू नका, नुसतं येऊन बसा, गप्पा मारा. "बघू," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि मग खोलीचं दार लोटून घेतलं. मंदाकिनीबाई दाराबाहेर उभ्या राहिल्या. मग त्या कुकर लावायला गेल्या.

दहा दिवसांनी दोघं हिराच्या घरी गेले. बाईंनी फळं घेतली होती. क्लबने पगार कापू नये म्हणून चिटणिसांना लिहिलेल्या पत्राची प्रतही होती. दाराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "ती व्हय? कुणाच्या तरी मळ्यात गेलीय निंदायला. एका हातानं. ऐकती का कुनाचं?"

पायरीवर सावली होती. दोघं तिथेच बसले. कोंबड्या पायांपाशी येऊन जात होत्या. शरच्चंद्र एकदा म्हणाले, "नुसता हात दुखावला असता तर मी म्हटलं असतं, बरा होईल. पण तिच्या तीन आठवड्यांच्या मजुरीचं काय?"

साडेबाराला हिरा आली. कमरेवर भाजीचं गाठोडं, हात गळ्यात बांधलेला, पट्टी मातीने मळलेली. दोघांना पाहून ती बिचकली नाही.

"आत बसा. चा टाकते."

"नको, नको. तुम्ही बसा, मी करते," बाई उठल्या.

"तुमाला माझी शेगडी पेटायची न्हाई," हिरा म्हणाली.

ती खरंच पेटली नाही. बाईंनी तीन काड्या वाया घालवल्या. मग हिराने एका हाताने बटण फिरवलं, गुडघ्यांत धरलेल्या काडेपेटीवर त्याच हाताने काडी ओढली आणि शेगडी पेटवली. आधण ठेवलं, साखरेचा डबा दातांनी उघडला. बाई बाजूला हात बांधून उभ्या राहिल्या. कशाला हात लावावा तर तिच्या कामात खोळंबाच व्हायचा.

हिराने पहिला कप शरच्चंद्रांसमोर ठेवला आणि थांबली. मग खाली वाकून, त्यांचा उजवा हात मनगटाला धरून, तिने तो कपाच्या कानापर्यंत नेला.

"गरम हाय," ती म्हणाली. "दमानं घ्या."