तीस रुपयांचा मोर

मित्रांनो, आधी नुसतं ऐका. मध्ये बोलू नका, कारण मला एकदा थांबवलं की परत सुरू व्हायला वेळ लागतो.

मी एक जुनं गोंदणाचं मशीन आहे. आता बघाल तर हसाल. लोखंडाची चौकट, तांब्याच्या तारेचं वेटोळं, एक स्प्रिंग, एक पत्ती आणि रिफिलच्या नळीतून डोकावणारी सुई, बस. जन्माने तर मी दारावरची बेल. कुणाच्या तरी बंगल्यात बिघडले आणि जळगावला मेहरूणमध्ये शकीलभाईंच्या दुकानात फळीवर येऊन पडले. शकीलभाई पंखे, बेल, रेडिओ, काय येईल ते दुरुस्त करायचे.

एक दिवस तिथे ताईबाई आल्या. बाजारात बसून गोंदणं हा त्यांचा धंदा. हाताने सुया टोचून टोचून बोटं पार आखडली होती. एका यात्रेत त्यांनी बॅटरीवर गोंदणारा माणूस बघितला आणि तेव्हापासून त्यांना चैन नव्हतं.

"शकीलभाऊ, मला तसलं यंत्र बनवून द्या. भुर्रर्र चाललं पाहिजे."

"चालेल की. पण आधी तुमच्याच हातावर चालवायचं. रडलात तर मी पैसे घेणार नाही."

ताईबाई रडल्या नाहीत. त्यांनी मनगटावर एक टिपका काढला, मग दुसरा, मग तिसरा, आणि हसत सुटल्या. मी तर काय सांगू, नुसतं थरथरत होते. काल फळीवर धूळ खात होते आणि आज मला हात मिळाला होता, पाटी मिळाली होती, मोटारसायकलची जुनी बॅटरी मिळाली होती.

ही गोष्ट शहाऐंशी-सत्त्याऐंशीची. दर आठवड्याला आम्ही धरणगावच्या बाजारात बसायचो. माझा आवाज ऐकून माणसं मिरच्यांचा भाव अर्धा सोडून यायची. बाया एकमेकींना पुढे ढकलायच्या, पोरं बॅटरीला कान लावायची. ताईबाईंच्या मागे पत्र्याची पाटी, तिच्यावर चित्रं आणि भाव रंगवलेले: टिपके, तुळस, विंचू, कुणाचं नाव घातलं तर एका अक्षराला रुपया. आणि सगळ्यांत वर मोर. असा पिसारा फुलवलेला, की पत्र्यात मावत नव्हता. त्याचा भाव तीस रुपये. तो कुणी काढूनच घ्यायचं नाही. बघायच्या सगळ्या, आणि घ्यायच्या तुळस. मला रोज वाटायचं, कधी एकदा तो मोर काढायला मिळतो.

आणि एका बाजाराला मंजुळा आली.

धरणगावच्या अलीकडच्या खेड्यातली पोरगी. कपाशी वेचायला जायची. लग्न ठरलं होतं, वेचणी संपली की लग्न. बरोबर तिची मैत्रीण बेबा, जिचं तोंड माझ्या सुईपेक्षा जोरात चालायचं.

मंजुळाने वर बोट दाखवलं. "हाऊ मोर कितला पैसाना व मावशी?"

"तीस."

"इतलामां ते जित्ता मोर भेटी," बेबा म्हणाली.

"मग तोच घे. हातावर बसला तर मला दाखवायला आण." ताईबाई काही कमी नव्हत्या. मग त्यांनी नीट सांगितलं. "हे बघ पोरी. तीस रुपये काही माझ्या एकटीच्या घशात जात नाहीत. तुझ्यासाठी सुई नवी. शाई आली. बॅटरी भरायला शकीलभाऊ पैसे घेतो, बाजाराची पावती फाडावी लागते. उरलं ते माझं, आणि तुझ्या मोराला माझी अर्धी दुपार जाणार. विंचू घे, पाचात होईल."

"माले मोरच पाहिजे."

आता ती का अडून बसली, ते ऐका. त्यांच्यात अशी रीत, की नवी नवरी सासरी गेली की बाया तिचा हात धरून बघतात. गोंदण माहेराहून आणलेलं असलं पाहिजे. पाटल्या काय, सोनाराकडे जातात. गोंदण कुठे जात नाही. ते सासरच्या पैशांनी करून घ्यावं लागलं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. मंजुळाच्या घरी लग्नाच्या जेवणाचीच ओढाताण होती. म्हणून तिने ठरवलं, माझं गोंदण मीच कमावणार. वेचणीचे पैसे वजनावर मिळायचे. रोजची मजुरी आईच्या हातात द्यायची, पण ओटीत थोडा जास्तीचा कापूस वेचायचा आणि वरचे पैसे आपले. आईने हो म्हटलं होतं.

"तीस एकदम नाहीत," मंजुळा म्हणाली. "पण दर बाजाराला थोडे देईन आणि तू थोडा थोडा मोर काढ."

ताईबाईंनी असं कधी ऐकलं नव्हतं. मी पण नाही. बेबाने मात्र मैत्रिणीकडे असं बघितलं, जणू हिने बँकच काढली.

पहिल्या बाजाराला आठ रुपये. मी डोकं, तुरा आणि मान काढली. काय मान झाली होती! शाई आत उतरत होती, मंजुळाने दात आवळलेले, डोळ्यांत पाणी.

"दुखस का?" ताईबाईंनी विचारलं.

"दुखस. तू थांबू नको."

वर हळद-तेल लावलं. ताईबाई म्हणाल्या, "दोन दिवस हाताला जप." मंजुळा मान हलवून निघाली. बेबा जाता जाता बघून म्हणाली, "हाऊ ते साप दिखस."

पुढच्या बाजाराला मंजुळा आलीच नाही. मला करमेना. त्याच्या पुढच्या बाजाराला आली ती तोंड पाडून. झालं असं, की हात सुजला. सुजलेला हात कपाशीत घातला की वाळलेल्या बोंडांची टोकं बरोबर मोराच्या मानेवर. दोन दिवस ती वेचायला जाऊच शकली नाही. जास्तीचा कापूस राहू द्या, आईला द्यायच्या मजुरीतच खड्डा पडला, आणि तो भरता भरता अख्खा आठवडा गेला.

आता पुन्हा आठ रुपये जमवून आणले होते. मी पोट काढलं, पाय काढले. आणि पुन्हा हात सुजला, पुन्हा दोन दिवस बुडाले.

पुढच्या बाजाराला त्या दोघी आमच्यासमोरच बसून हिशेब करायला लागल्या. बेबाने जमिनीवर रेघा ओढल्या.

"एकदम काढला असता तर हात एकदाच सुजला असता," बेबा म्हणाली.

मंजुळा रेघांकडे बघत राहिली. "म्हणजे तुकडे केले म्हणून महाग पडला."

"तुकडे केले आणि कोंबडी मिळाली. बघ ना, शेपटी नसलेला मोर म्हणजे कोंबडीच."

मित्रांनो, पाटीवरचा भाव तीस होता. पण बुडालेली मजुरी कुठल्याच पाटीवर लिहिलेली नव्हती. ताईबाईंनी पण रेघा मोजल्या. त्या म्हणाल्या, "मला वाटलं तुला घरी बसता येईल. मीच विचारायला पाहिजे होतं."

आता शेपटी राहिली होती. तिचे चौदा रुपये. कपाशी संपत आली होती, शेवटच्या वेचणीला झाडांवर असून असून किती कापूस असणार? आणि ताईबाईंचा नियम होता, लग्नाची हळद लागली की त्या पोरीला सुई लावायची नाही. त्याआधी जखम पण भरली पाहिजे. म्हणजे हातात एकच बाजार उरला.

गावात तर काय विचारता. विहिरीवर पोरी मंजुळाला बघून कोंबडीसारखं कॉक कॉक करायच्या. बेबाने त्यातल्या एकीची घागर ओतून दिली म्हणे.

शेवटचा बाजार आला. मी सकाळपासून तयार. बॅटरी भरलेली, सुई नवी. ताईबाईंनी ठरवलं होतं, पोरीकडे जे असतील ते घ्यायचे आणि पिसारा पुरा करायचा. मंजुळा आली, पदराची गाठ सोडली. सहा रुपये.

"चालेल," ताईबाई म्हणाल्या. "बाकीचं माझ्याकडून."

"नको मावशी. मग बाया विचारतील, अर्धी शेपटी कोणाची."

तेवढ्यात मागून आवाज आला. "काय व, मनी सूनना हातवर कोंबडी?"

भिकुबाई! मंजुळाची होणारी सासू. लग्नाच्या बांगड्या घ्यायला बाजारात आलेली, उंच, कपाळभर कुंकू, हातात मोठी पिशवी. मंजुळाने हात पदराखाली घेतला. भिकुबाईंनी तो ओढून बाहेर काढला, नीट बघितला, आणि हसल्या. वाईट हसल्या नाहीत, पण हसल्या. मग कनवटीची चंची काढली, तिच्यातून एक दहाची नोट आणि सुटे पैसे काढून ताईबाईंपुढे धरले.

"शेपटीना पैसा मी देसू. काढ भरगच्च."

माझी तर पत्ती थरथरायला लागली. चौदा रुपये, रोख, समोर! एवढी वर्षं नाही, एवढे बाजार ज्याची वाट बघितली तो पिसारा. घे ना पोरी, घे, मी मनात म्हणत होते. बेबा पण कोपराने ढोसत होती.

मंजुळा म्हणाली, "नको आत्या."

"काब्र?"

"तुमच्या पैशाने शेपटी आली, तर मोर तुमचा होईल."

भिकुबाईंच्या कपाळाला आठी पडली. शेजारचा बांगडीवाला सुद्धा बघायला लागला. "आनि तू कोनी शे मंग?"

"मी तुमनी शे, आत्या. मोर मना शे."

ताईबाईंनी मला हातात घेतलं होतं, पण कळ दाबली नव्हती. मंजुळा पत्र्यावरच्या त्या फुललेल्या मोराकडे बघत होती. मग तिने विचारलं, "मावशी, सहा रुपयांत मिटलेली शेपटी होईल का? मागे लांब सोडलेली. आमच्या शेतात येतो तसा."

ताईबाई म्हणाल्या, "पण तो नाचणारा मोर आहे ग."

"मोर काय रोज नाचस का?"

बेबा आधी हसली, मग ताईबाई. आणि कळ दाबली गेली. भुर्रर्र! मी अशी चालले, अशी चालले, की आजवर तशी कधी चालले नाही. चार लांब पिसं, कोपराकडे उतरत गेलेली, टोकाला एकेक डोळा. ना साप, ना कोंबडी. शेतातून बांधावर निघालेला मोर. पुरा.

भिकुबाई चौदा रुपये हातात धरून उभ्याच होत्या. आम्हाला वाटलं, आता लग्नच मोडतात. त्यांनी मोर बघितला, पिशवी खाली ठेवली, फतकल मारून बसल्या आणि आपल्या बांगड्या वर सारल्या.

"मना हातवर एक पीस काढ. सूनना मोरनं पडेल शे, बठ्ठासले सांगसू." म्हणजे, सुनेच्या मोराचं गळलेलं पीस आहे, असं त्या सगळ्यांना सांगणार होत्या.

ताईबाईंनी आधी सुई बदलली, मग पीस काढलं. दोन रुपये घेतले.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं चालले. पद्मालयाच्या यात्रेत माझ्यासमोर रांगा लागायच्या. पुढे चकचकीत मशीनवाले आले, माणसं तिकडे वळली. ताईबाईंना बारीक दिसेनासं झालं. आता मी मेहरूणला त्यांच्याच घरी पत्र्याच्या डब्यात असते. तारेवर हिरवं चढलंय. कधी कुणी पुसून, तेलाचा थेंब देऊन ठेवलं तर बरं वाटेल. आणि तुमच्यापैकी कुणी मोठेपणी गोंदून घ्यायला बसलात, तर नुसता चित्राचा भाव विचारू नका. सुई नवी आहे का ते बघा, आणि हात दुखेल तेव्हाचे दिवस पण पैशात धरा.

ताईबाई अजून म्हणतात, सासू प्रेमाने देत होती, पोरीने घ्यायला पाहिजे होते, पिसारा काय झाला असता. खरं सांगू का, मला पण कधी कधी तसंच वाटतं. मग ती मान ताठ करून बाजारातून निघालेली मंजुळा आठवते आणि माझं काही ठरत नाही. तुम्ही सांगा. हातावर कोंबडी, गाठीला सहा रुपये आणि समोर सासूचे चौदा, तर तुम्ही काय केलं असतं?