पाठीवरची जागा

"माझी पाठ काय भाड्यानं दिलीय का कुणाला?" मावशींनी विचारलं आणि समोरच्या शर्टाच्या कॉलरवर इस्त्री अशी दाबली, की पाळणाघराबद्दलचं पुढचं वाक्य लेकीच्या तोंडातच राहिलं.

इस्त्रीच्या दुकानात मावशींशी वाद घालून कुणी जिंकल्याचं ऐकिवात नव्हतं. अख्खी गल्ली त्यांना मावशी म्हणायची, त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. दुकान म्हणजे एक लांब टेबल, मागे एक बाज, कपडे टांगायला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दांडी, आणि जिना चढून वर राहायची खोली. लेक शहरात बस चालवायची. बाळंतपणाची रजा संपली होती, उद्यापासून पुन्हा सकाळची पाळी होती, आणि नुकत्याच बसायला लागलेल्या नातीला दिवसभर कुणाकडे ठेवायचं यावरून मायलेकींची जुंपली होती.

"अगं, पण दिवसभर गरम इस्त्री असते तुझ्या हातात."

"इस्त्री पुढे, पोर मागे पाठीला बांधलेलं. तुम्हा तिघांना याच टेबलाशी वाढवलं. एकाला तरी चटका बसलाय का?"

"मला बसलाय. शाळेत सगळे गाठोडं म्हणायचे मला."

"तू उतरायलाच तयार नव्हतीस, त्याला मी काय करू? चुरूचुरू बोलायला लागलीस, तरी दुपार झाली की कापड घेऊन माझ्या मागे उभी!"

हे अगदी खरं होतं. थोरली दोघं मुलं चालायला लागल्यावर पाठीवरून उतरली आणि गल्लीत पळाली. धाकटी ही लेक मात्र पाठीला चिकटून राहिली. मावशी गिऱ्हाइकाशी बोलायला लागल्या, की ही पाठीला कान लावून ऐकत बसायची. मावशी गप्प झाल्या की म्हणायची, "आई, आतून बोल ना."

ती एकदाची उतरली, तेव्हा पंचाईत मावशींचीच झाली. पाठ हलकी झाल्याबरोबर हात भरकटायला लागला आणि पँटच्या कडक रेघा वाकड्या यायला लागल्या. शेवटी त्यांनी धुतलेल्या कपड्यांचं एक बोचकं करून पाठीवर बांधलं. काम सुरळीत झालं. पण एक बाई आपले कपडे न्यायला आल्या, तेव्हा मावशी त्यांच्याच चादरींना मागे हात नेऊन थोपटत होत्या आणि "झोप गं, झोप" म्हणत होत्या. त्या बाई अजून कुठे भेटल्या की चादरींची झोप झाली का म्हणून विचारतात.

"हा आठवडा बघू," लेक शेवटी म्हणाली. "नाही जमलं तर पुढच्या सोमवारपासून पाळणाघर. मग तोंड फुगवून बसायचं नाहीस."

"न जमायला काय झालं?"

मावशी बोलून गेल्या खऱ्या. पण न जमायला जे झालं होतं, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. गेल्या थंडीपासून त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. इस्त्री करायला हात वर न्यावा लागत नाही, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. दांडीवर हँगर अडकवायला त्यांनी एक काठी आणली होती, आणि कुणी विचारलं तर दांडीच उंच आहे म्हणून सांगत. पण पोर पाठीवर बांधायचं म्हणजे कमरेत वाकायचं, एका हाताने पोराला धरायचं, दुसऱ्या हाताने कापड त्याच्यावरून टाकायचं, एक टोक डाव्या काखेखालून आणि दुसरं उजव्या खांद्यावरून पुढे ओढून छातीवर गाठ मारायची. हे त्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकाशी बोलता बोलता केलं होतं. आता ते खांद्यावरचं टोक हाताला लागलं पाहिजे होतं. पाठ शाबूत आहे, पोर आपलं आहे, कापड तेच आहे; एकटा खांदा किती आडवा येणार, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

सकाळी लेकीने गणवेश चढवला, मुलीला बाजेवर ठेवलं, तिचे पापे घेतले आणि मागे न बघता निघून गेली. मागे बघितलं असतं तर पाय निघाला नसता.

मावशींनी कापड काढलं. धुऊन धुऊन ते इतकं मऊ झालं होतं, की हातातून निसटायचं. त्या बाजेशी वाकल्या, नातीला पाठीवर घेतलं आणि आधाराला टेबलापर्यंत आल्या. डाव्या हाताने तिला धरून उजव्याने कापड टाकलं. ते पडलं नीट. पण टोक पाठीवरच राहिलं. उजवा हात खांद्यापर्यंत गेला आणि थांबला. पुन्हा नेला, पुन्हा थांबला. हात बदलून पाहावं, तर पोराला धरायला उजवा खांदा मागेही वळेना. सरळ उभं राहिलं तर पोर घसरणार. बाजेकडे परत जायचं तर वळावं लागणार, आणि नात खुशीत येऊन पाठीवर थापा मारायला लागली होती. मावशी टेबलावर कपाळ टेकून तशाच वाकून राहिल्या.

"मावशी, आज इस्त्रीचा आवाज नाही?" भिंतीपलीकडच्या दुकानातून घड्याळवाल्यांनी विचारलं.

"बटण शोधतेय, खाली पडलेलं."

"कुणाचं?"

"तुमचं नाही. तुम्ही तुमची घड्याळं बघा."

हाक मारली असती तर ते धावत आले असते. आणि मग दुपारपर्यंत गल्लीभर झालं असतं. मावशींना खांद्याचा भयंकर राग आला. एवढी वर्षं सांभाळलं त्याला, आणि नेमका आज उलटला. मग रागही गेला आणि नुसतं वाईट वाटलं. पाठीवर तिच्या इवल्या पायांची ऊब लागत होती, आणि ती आपल्याला आज एवढीच मिळायची होती, असं त्यांना वाटलं.

"आई, पाण्याची बाटली राहिली गं," म्हणत लेक आत आली आणि दारातच थबकली. दुसऱ्या क्षणी तिचा हात मुलीच्या पाठीवर होता. "हे काय चाललंय?"

"बटण..." मावशींनी सुरुवात केली आणि सोडून दिली. "टोक हाताला लागत नाहीये."

"कधीपासून?"

"थंडीपासून."

लेकीने वर दांडीकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या काठीकडे. "म्हणजे ती काठी त्यासाठी होती?"

 मावशी टेबलाकडे तोंड करूनच म्हणाल्या, "घे तिला. आणि सोमवारची वाट कशाला बघतेस, आजच बोल पाळणाघरात. मी नाही तोंड फुगवणार."

आता भार उचलला जाईल म्हणून त्या थांबल्या. पण कापड पाठीवर घट्ट ताणलं गेलं, आणि उजव्या खांद्यावरून एक टोक सरकत छातीशी आलं.

"धर," लेक म्हणाली. "गाठ तूच मार. तुझी गाठ मला येत नाही."

मावशींनी गाठ मारली. तिथे दोन्ही हात पोचत होते. मग त्या सावकाश सरळ उभ्या राहिल्या.

"आणि सोडायला जमेल का?"

"सोडायला हात वर कशाला लागतो? बाजेवर टेकायचं, गाठ ओढायची, झालं."

"दाखव."

"अगं, तुझी बस!"

"दाखव आधी."

मावशींनी दाखवलं. नात अलगद बाजेवर उतरली आणि एवढ्या लवकर उतरवलं म्हणून रडायला लागली. पुन्हा वाकणं, पुन्हा टोक, पुन्हा गाठ.

"रोज मी बांधून जाणार," लेकीने बजावलं. "आणि खांदा डॉक्टरला दाखवायचा. ह्याच आठवड्यात."

"बघू."

"बघू नाही."

"बरं बाई, दाखवते."

मावशींनी इस्त्री हातात घेतली आणि त्या जुन्या सवयीने जागच्या जागी डुलायला लागल्या. पहिल्याच पँटची रेघ सरळ आली. नातीचं डोकं पाठीवर जड झालं, पण लेकीची पावलं काही दाराकडे गेली नाहीत. मग नातीच्या डोक्याशेजारी आणखी काहीतरी टेकलं. गाल होता, आणि तो चांगला मोठा होता.

"आता काय बघतेस?"

"गाठ बघतेय."

"गाठ पुढे आहे."

"माहितीये," लेक म्हणाली. "तू बोल."

 मावशींनी इस्त्री उभी करून ठेवली आणि पुढचा शर्ट उलगडला. "हा घड्याळवाल्यांचा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बघ, वरचं बटण खरंच तुटलंय याचं," आणि दोघींना नीट टेकता यावं म्हणून आणखी थोड्या वाकल्या.