किटली उतरव

हडसनच्या काठावरचे आमचे कडे लोकांना फार सुंदर वाटतात. मला मेले डोळ्यांसमोर नको होतात. मी फोर्ट ली गावातल्या सिनेमाच्या स्टुडिओत कपडे शिवायची आणि माझी धाकटी बहीण डेलिया तिथल्याच चित्रमालिकेची नायिका होती. एका आठवड्याला पूर, पुढच्याला वाघ, नाहीतर आगगाडीचे रूळ. भाग संपायचा तो ती मरणाच्या दारात असताना, म्हणजे प्रेक्षक पुढच्या आठवड्याला झक मारत येणार.

मुक्या चित्रपटात कोण काय बोलतं याला काडीची किंमत नसते. आमचा नायक राल्फ तिला मिठीत घेऊन, डोळ्यांत डोळे घालून म्हणायचा, "डेले, आज पुन्हा कांदा खाल्लास?" ती लाजून म्हणायची, "मर मेल्या." आणि पडद्यापुढे बायका डोळे पुसायच्या. तिच्या ओरडण्याचंही तेच. 'वाचवा', 'मेले', 'आई गं' हे सगळं भूमिकेतलं. जितकं जोरात, तितके आमचे दिग्दर्शक हॅस्केटसाहेब खूश. मग खरंच जिवावर बेतलं तर काय ओरडायचं? आम्ही दोघींनी ठरवून ठेवलं होतं, "किटली उतरव." आमच्या आईचं स्वयंपाकघरातलं वाक्य. ते कुठल्या भागात यायची भीती नव्हती.

त्या सकाळी तिला कड्यावरून लटकायचं होतं, आणि मी तिच्या झग्याच्या आत दोर अडकवायचा चामडी पट्टा आवळत होते. डावा खांदा सुजला होता. मागच्या भागात गाडीच्या टपावरून पडली होती ना.

"साहेबांना सांग," मी म्हटलं.

"सांगितलं की तो कसरतवाला एडी माझ्यासारख्या केसांचा टोप घालून लटकेल."

"लटकू दे की! मिशा दिसल्या तर लोक हसतील, एवढंच."

"पाठमोरा दाखवतील गं, विने. पाठमोरं कुणीही चालतं. मग माझी गरज काय?"

तिच्या हट्टापुढे माझं कधी चाललंय? मी पट्टा आवळला.

दोन खाणकामगारांनी दोर झाडाला गुंडाळून तिला कड्याखाली सोडलं. तिने एका मुळीला धरलं. बाजूच्या फळीवर आमचा कॅमेरावाला गस, तोंडातल्या तोंडात गाणं गुणगुणत हँडल फिरवत होता. त्या गाण्यानेच त्याचा वेग सांभाळला जायचा. साहेब कर्ण्यातून ओरडत होते, "घाबर! अजून घाबर!"

ती घाबरली. 'वाचवा' म्हणाली, देवाला हाका मारल्या, पाय झाडले. मग मुळी सुटली. ती दोरावर आली, पट्टा सरकत गळ्याशी गेला. बसलेल्या आवाजात ती म्हणाली, "विने, किटली उतरव."

"ओढा!" मी किंचाळले. मागे वळून बघते तर झाडापाशी काळं कुत्रं नाही. दोर बांधून गडी जेवायला गेलेले. का थांबतील? नायिकेला वर काढणं पुढच्या भागात होतं आणि पुढचा भाग मंगळवारी. तिला वाचवणारा राल्फसुद्धा म्हणूनच आज सुट्टीवर. इतके भाग करून करून आमच्या डोक्यात हेच मुरलं होतं की लटकणं एका दिवसाचं काम आणि सुटका दुसऱ्या. आज ती वर कशी येणार, हे एकालाही सुचलं नव्हतं.

"विनिफ्रेड, बाजूला हो! चित्रात येतेयस!"

"खड्ड्यात गेलं तुमचं चित्र!"

मी काठावर पालथी पडले आणि हात खाली घातला. आवाक्यात आला तो तिचा डावा हात. तोच धरला. खांद्यातून काहीतरी निखळल्याचं माझ्या बोटांना कळलं. सोडणार तरी कशी? साहेबांनी सांगितल्याशिवाय हँडल थांबवायचं नाही हा गसचा धर्म, पण शेवटी त्याचं गाणं थांबलं आणि तो धावत आला. आम्ही दोघांनी तिला वर ओढलं.

हात पुन्हा खांद्याच्या वर जाणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. साहेबांनी फुलं पाठवली. चित्रण अप्रतिम झालंय, असा निरोपही पाठवला.

तो भाग आम्ही दोघींनी दुपारच्या खेळाला पाहिला. पडदाभर डेलियाचा चेहरा, आणि ओठ स्पष्ट म्हणतायत, किटली उतरव. लगेच अक्षरं आली: 'प्रिय हेरॉल्ड, तू कुठे आहेस?' हेरॉल्ड म्हणजे पडद्यावरचा राल्फ. मग वरून एक हात आला. बोटात शिवताना घालायचं माझं अंगुस्तान तसंच होतं, घाईत काढायचं राहिलेलं.

"त्या हलकट खलनायकाचा हात आहे तो! धरू नकोस, पोरी!" मागून कुणीतरी ओरडलं. डेलिया हसत सुटली. मला मात्र रडू आलं.

मधल्या आठवड्यात तिचा झगा उसवून मी एका नव्या मुलीच्या मापाचा केला. नोकरी होती, केला.

पुढच्या भागाला डेलिया हट्टाने आली. राल्फने दोर ओढला, पिवळ्या केसांची, पाठमोरी नायिका वर आली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. डेलियाचा डावा हात झोळीत होता, तिला टाळी वाजवता येत नव्हती.

ती माझ्या कानाशी वाकली.

"विने, ही आली वर. मी अजून तिथेच आहे ना?"