गोजरबाईंनी मला गोठ्यात न्यायचं ठरवलं तेव्हा

इकडेतिकडे बघू नका, बोलतेय ती मीच. उजनी धरणाच्या काठाला, बाभळीच्या खुंटाला बांधलेली निळी होडी. माझ्या अंगावरचं ‘सागरराणी’ हे नाव वाचून लोक हसतात. हसू देत, मी खरोखरच समुद्रावरची आहे.

कोकणातल्या एका बंदराशेजारी, पत्र्याच्या शेडमध्ये फायबरचे थर एकावर एक चढवून मला घडवलं. बारा वर्षं मी पाहुण्यांना बंदर दाखवलं. माणसांची एक गंमत सांगते. एवढं मोठं जहाज समोर उभं असतं आणि ही सगळी त्याच्याकडे पाठ करून स्वतःचाच फोटो काढतात, तेही सगळी एकाच बाजूला येऊन. मी कितीदा जीव मुठीत धरला असेल ते माझं मलाच ठाऊक.

पुढे दुमजली लाँच आली आणि मी अडगळ झाले. तेव्हा उजनीकाठचा रामहरी मला विकत घ्यायला आला. मला तर घेतलंच, वर मला चालवणाऱ्या जुन्या तांडेलाला म्हणाला, “मानसास्नी काय काय सांगायचं त्ये बी द्या की.” तांडेलाने बंदराची सगळी माहिती घडाघडा म्हटली आणि रामहरीने ती मोबाईलवर भरून घेतली. मग मी ट्रकवर उताणी पडून घाट चढले.

रामहरी भला माणूस, पण त्याने ती माहिती पाठ केली आणि एक शब्द बदलला नाही. “उजव्या हाताला दीपगृह,” म्हणून तो मोबाईलचा टॉवर दाखवी. गावची पाण्याची टाकी हा किल्ला, आणि केळ्यांनी भरलेला ट्रक म्हणजे परदेशी जहाज. मला लाजेने पाण्यात तोंड लपवावंसं वाटे. पाण्यावर फ्लेमिंगो होते तोवर, ते बघायला आलेल्या लोकांनी चालवून घेतलं. ते उडून गेले आणि गिऱ्हाईकही गेलं.

त्यातच गोठ्यातली दोण, म्हणजे म्हशींची पाणी प्यायची कुंडी, फुटली. रामहरीची बायको गोजरबाई एकदाही माझ्यात बसली नव्हती. मला धुवायची तेवढी.

“ही नुस्ती पडून हाय. म्हशीला दोण करा हिची,” ती म्हणाली.

“ऐतवारपातुर थांब,” रामहरी म्हणाला.

समुद्र पाहिलेली मी, आणि म्हशी माझ्यात तोंड घालणार. मी भ्याले, खोटं कशाला सांगू?

रविवारी दुपारपर्यंत कुणी आलं नाही. रामहरी डिझेल आणायला गेला होता. तेवढ्यात अक्कलकोटकडच्या दाक्षायणीआक्का काठी टेकत आल्या. सोबत त्यांची सून चंद्रिका. आक्कांचे गुडघे दुखत, म्हणून घरच्यांनी त्यांना कोकणच्या सहलीतून वगळलं होतं. सुनेने निदान उजनी तरी दाखवावी म्हणून आणलं होतं.

आक्का माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “ही दोणी तुमचीच काय?”

“आमचीच. पन दोण अजून व्हायची हाय,” गोजरबाई म्हणाली. “उद्या गोठ्यात न्हेनार.”

“गोठ्यात कशाला? आमी हितंच बसतो की.”

“दोणीत?”

“मग? उभं ऱ्हायचं काय?”

गोजरबाईने चंद्रिकेला बाजूला घेतलं. “आक्कांची तब्येत बरी हाय न्हवं?”

चंद्रिका हसता हसता खाली बसली. “आवो, कानडीत होडीला दोणी म्हणतात.”

गोजरबाईने पदर तोंडाला लावला. इतक्यात रामहरी आला. आक्कांना चढायला हात हवा होता. गोजरबाईने दिला, तो त्यांनी सोडलाच नाही. झालं, गोजरबाईही माझ्यात आली.

पाण्यात शिरताच रामहरी सुरू झाला, “उजव्या हाताला दीपगृह…”

“टावर हाय तो,” आक्का म्हणाल्या. “ते पांढरं घर कुणाचं, दारात शेवगा असलेलं?”

रामहरीच्या पाठांतरात हे नव्हतं. गोजरबाई वळून बघत राहिली. सत्तावीस वर्षं त्याच घरात राबली, पण पाण्यावरून ते तिने कधी पाहिलंच नव्हतं.

“आमचं हाय,” ती हळूच म्हणाली. “हितनं बरं दिसतंय की.”

मग तिला कंठ फुटला. ती केळी सयाजीची, ती पाण्याची मोटार त्याच्या भावाची; दोघं एकमेकांशी बोलत न्हाईत, पन पाईप एकच. त्या वळणाला गावातल्या बिरुदेवाची बैलगाडी रुतली होती, ती काढायला आलेला ट्रॅक्टर बी रुतला. आक्का हसून हसून गुडघे विसरल्या. “छलो अद,” म्हणाल्या, म्हणजे छान आहे. मी बंदरात इतक्या फेऱ्या मारल्या, पण असं हसणारं माणूस माझ्यात बसलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

काठ आला. आक्का उतरल्या, चंद्रिका उतरली. गोजरबाई बसूनच राहिली.

“उतर की,” रामहरी म्हणाला. “म्हशीचं बघायचं न्हवं?”

“म्हशी काय, टबात बी पित्यात. आजून एक फेरी मारा. पल्याडचं बघायचं ऱ्हायलंय.”

तेव्हापासून मी पाण्यातच आहे. या कधी, पण फोटो नंतर काढा, आधी गोजरबाईंचं ऐका. बरं, येते मी. बाई चढल्यात, आणि आज शेजारणीलाही घेऊन आल्यात.