खडूच्या टाकीतला निळ्या

बाबा पाण्याचे पंप दुरुस्त करायचे. घरी आले की हातपाय धुऊन भिंतीसमोर बसायचे. भिंतीवर खडूने पाच फुटी चौकोन आखलेला होता. ती आमची खाऱ्या पाण्यातले मासे पाळायची टाकी. खरी घ्यायची ऐपत नव्हती, पण आमच्या टाकीला कधी शेवाळ धरलं नाही, हेही तेवढंच खरं.

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. वाचनालयातल्या एका जाड पुस्तकावरून बाबा शिकायचे आणि मला शिकवायचे. आधी दगड, मग प्रवाळ, मग महिनाभर नुसतं थांबायचं. मासा एका वेळी एकच. सगळं मनातल्या मनात, पण नियम पक्के. मी एक बोटाएवढा निळा मासा सोडला, भारी भांडकुदळ. त्याचं नाव निळ्या.

"हा अख्ख्या टाकीवर हक्क सांगणार," बाबा म्हणाले. "नवा मासा सोडायचा तर आधी सगळे दगड इकडचे तिकडे करायचे. जागा ओळखीची राहिली नाही की याची दादागिरी उतरते."

मी अकरा वर्षांची असताना बाबांनी दुसरं लग्न ठरवलं. नवी आई येणार होती आणि सोबत तिची सात वर्षांची मुलगी. माझ्या नाकावर राग कायमचाच मुक्कामाला. "माझ्या खोलीत तिने पाऊल टाकून तर बघू दे," हे मी दिवसातून दहादा ऐकवलं.

त्या येणार त्या दिवशी मी शाळेतून आले आणि दारातच थबकले. कपाट खिडकीच्या बाजूला गेलेलं, माझी खाट समोरच्या भिंतीला, टेबलाचं तोंड भलतीकडेच. भांड्यांची फळीसुद्धा हललेली. मधोमध बाबा घामाघूम होऊन उभे. मी काय ते समजले. इतकी वर्षं शिकवणी काय फुकट घेतली होती?

"म्हणजे मी निळ्या का?"

दुसरा कुणी बाप असता तर म्हणाला असता, जरा जागा मोकळी केली गं. बाबा म्हणाले, "हो."

मला रडूच फुटलं. भांडकुदळ तर मला अख्खी गल्ली म्हणायची, त्याचं काही नव्हतं. पण त्या पुस्तकाचं पुढचं पान मला तोंडपाठ होतं. एवढं करूनही जो मासा सुधारत नाही, त्याला दुकानात परत देतात.

"आणि दगड हलवूनही निळ्या सुधारला नाही तर?" मी विचारलं. "परत देणार ना?"

बाबा खाटेवर बसले. मला जवळ ओढून म्हणाले, "पुस्तकात तसं आहे. आपल्याकडे पुन्हा दगड हलवायचे."

संध्याकाळी धाकटी आली. तिने पाणी मागितलं आणि पेले कुठे गेलेत ते मलाही ठाऊक नव्हतं. दोघींनी मिळून शोधले. पंधरा दिवस बरे गेले, सोळाव्या दिवशी मी तिच्या झिंज्या उपटल्या. दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन बघते तर कपाट भलत्याच भिंतीला. त्या वर्षात बाबांनी ते कपाट एकट्याने पाच वेळा हलवलं. कंबर धरून बसायचे, पण मला शब्दाने बोलले नाहीत.