बिब्ब्याच्या फुल्या

नारायणगुड्यातल्या त्या गल्लीत नळ होता, नाही असं नाही. पण त्याचं पाणी रुसलेल्या जावयासारखं, मनात आलं तर येणार. चैत्र लागला की सगळी गल्ली घागरी घेऊन मुकुंदराव वकिलांच्या अंगणातल्या बावडीवर लोटायची. तिथं कठड्याशी लाल आलवणातल्या ताराआत्या उभ्या. तोंडानं स्तोत्र चालू आणि नजर घागरींवर.

"गंगू, घागर घासून आण म्हणलं होतं की नाही तुला?"

"घासली की हो आत्याबाई. तुमच्याच डोळ्याला काजळी दिसायलीय," गंगू म्हणायची. ती शेजारच्या दूधवाल्याची बायको. तोंडाळ, पण पाण्यासाठी सगळं ऐकून घेणारी.

"हौ, माझ्याच डोळ्याला. आण इकडं, मी घासून दाखवते."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे ऐकून पद्मावतीला रोज हसू यायचं. ती मुकुंदरावांची बायको. सासू तिनं पाहिली नव्हती. दोन्ही बाळंतपणं नवऱ्याच्या या आत्यानंच केली होती. नवव्या वर्षी लग्न आणि अकराव्या वर्षी केशवपन होऊन तारामती माहेरी परतली होती. बापानं मरताना चार माणसांसमोर सांगितलं होतं, की रस्त्याकडच्या दोन खोल्या आणि बावडी तारा जिवंत आहे तोवर ताराची. शब्द पाळला गेला. कारण तेव्हा रस्त्याकडच्या जागेला किंमत नव्हती आणि फुकटचा शब्द पाळायला कुणाचं काय जातं?

पण निजामशाही संपून हैद्राबाद भारतात सामील झालं त्याला आता तीन वर्षं होत होती. नव्या कचेऱ्या निघाल्या, जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसं आली, आणि शहराला जागा पुरेना. नारायणगुड्यात कोपऱ्याकोपऱ्यावर चुन्याचे ढीग पडू लागले. एक दिवस हिम्मतराव कंत्राटदार मुकुंदरावांच्या बैठकीत येऊन बसले.

"वकीलसाब, कवेलूच्या घरात किती दिस काढता? खाली दुकानं, वर बिऱ्हाडं, तीन मजले उठवतो. मधला मजला तुमचा. फकत बावडी बुजवावी लागंल बगा. रस्त्याचं तोंड तिथंच हाय."

ताराआत्या दाराआडून ऐकत होत्या. दाराआडच राहून त्या बोलल्या, "बुजवा की, मी मेल्यावर. आत्ता बुजवलीत तर गल्ली काय प्यायची? तुमच्या दुकानातला सोडा?"

हिम्मतराव हसले. मुकुंदराव हसले नाहीत.

त्यानंतरच्याच आठवड्यात तिन्हीसांजेला छपराच्या कवेलूवर पहिला दगड पडला. मग रोज पडू लागले. दोरीवरचं धोतर एकदा आपोआप पेटलं. गल्लीत एक शब्द दबक्या आवाजात फिरला आणि मुलांना लवकर घरात घेण्यात येऊ लागलं. भानामती!

भानामती म्हणजे काय, हे त्या मुलखात शिकवावं लागत नाही. कुणी तरी मंत्र टाकतं, मग घरावर दगड येतात, वस्त्रं पेटतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात. मंत्र टाकणारी बहुधा बाईच असते, आणि बहुधा तिच्या पाठीशी कुणी नसतं.

एका सकाळी पद्मावतीनं न्हाऊन चोळी घातली आणि घटकाभरात तिचा दंड पेटल्यागत झाला. बाही वर केली, तर कातडीवर दोन काळ्या रेघांची फुली आणि भोवती टरारून आलेले फोड. धाकटी रजनी ते पाहून किंचाळली. तिच्या किंकाळीनं गल्ली गोळा झाली.

ताराआत्या गर्दीतून वाट काढत आल्या. दंड उजेडाकडे धरून म्हणाल्या, "अगं, बिब्बा उतलाय हा! तीळ आणि खोबरं वाटून लाव, जळजळ थांबेल. पण पद्मा, तुझ्या अंगाला बिब्बा आला कुठून?"

"मारणारीलाच औषध ठावं असतं," मागून कुणी तरी म्हणालं.

पद्मावतीनं दंड सोडवून घेतला. ज्या हातांनी तिच्या लेकींना पहिलं पाणी घातलं, त्या हातांची तिला शिसारी आली. त्या दिवशी आत्यांनी पाठवलेली तीळखोबऱ्याची वाटी तिनं झाकणासकट परत केली. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथं तर अख्खी गल्ली फिरली. बावडीवर कुणी येईना. ताराआत्या एकट्याच पाणी काढून तुळशीला घालायच्या, आणि त्यांच्या ओठांवरचं स्तोत्र आता सगळ्यांना मंत्रासारखं ऐकू यायचं. पद्मावतीलाही.

मुकुंदराव मात्र शांत होते. "मी शिकलेला माणूस," ते बैठकीत सांगत, "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण गल्लीचं मन मोडवत नाही." गल्लीच्या मनानं बिदरकडचा दत्तोबा देवऋषी बोलावला. त्याची गाडीखर्ची हिम्मतरावांनी भरली. शेजारधर्म!

तो यायच्या दिवशी दुपारी पद्मावतीचा दंड फार ठणकू लागला. खोबरेलाची बाटली कोनाड्यात नव्हती. शोधत शोधत ती नवऱ्याच्या बैठकीत गेली आणि तिनं कायद्याच्या पुस्तकांचं कपाट उघडलं. पुस्तकांमागे बाटली होती. शेजारी सुई टोचलेले दोन बिब्बे होते, दिव्यावर धरून काळे झालेले, आणि तेलानं माखलेली कापसाची वात.

बिब्ब्याला हात लावण्याआधी बोटांना खोबरेल चोळतात, हे बाळंतपण झालेल्या बाईला सांगावं लागत नाही.  फुली उमटली त्याच्या आदल्या रात्री आपली चोळी खुंटीला होती, हे पद्मावतीला आठवलं. बाहीच्या आतल्या बाजूनं कुणी तरी निवांतपणे दोन रेघा ओढल्या होत्या. ओढणारा तिच्याच शेजारी येऊन झोपला होता.

"पाहिलंस? बरं झालं," दारातून मुकुंदराव म्हणाले. आवाजात राग नव्हता. अशिलाला समजावतात तसा आवाज होता. "दोन मुली आहेत आपल्याला. कवेलूच्या घरात बसून त्यांची लग्नं होणार नाहीत. आत्याला अंबरपेठेत खोली घेऊन देतो, ती काही उघड्यावर पडत नाही. आणि दत्तोबा फक्त धाक घालणार आहे."

"मला भाजलंत तुम्ही."

"बरं होतं ते चार दिवसांत."

पद्मावतीला माहेर नव्हतं. भाऊ रझाकारांच्या धामधुमीत गाव सोडून गेला होता, तो कुठं होता कोण जाणे. दोन मुलींना घेऊन ती कुणाच्या दारात जाणार होती? तिनं बाटली होती तिथं ठेवली आणि कपाट लावून घेतलं.

ऊन कलायच्या आधीच दत्तोबा आला. त्यानं अंगण शिंपडलं, लिंबं कापली आणि ताराआत्यांना ओढून बावडीच्या कठड्याशी बसवलं.

"हिच्या दातात मंत्र हाय," तो म्हणाला. "दात पाडले की मंत्र बोबडा. मंत्र बोबडा झाला की भानामती गपगार."

त्यानं पिशवीतून पक्कड काढली. ताराआत्या धडपडू लागल्या. गंगूनं त्यांचे पाय धरले, दोघा बाप्यांनी खांदे धरले. पद्मावती घराच्या उंबऱ्यात उभी होती. आत्यांची नजर सगळ्या गर्दीतून नेमकी तिच्यावर आली.

"पद्मा! अगं, सांग ना यांना! तुझी बाळंतपणं केलीत गं मी!"

  पद्मावतीनं मागं वळून पाहिलं, तर मुकुंदराव रजनीच्या डोळ्यांवर हात ठेवून उभे होते. एवढी काळजी त्यांना होती.

पुढचं सांगवत नाही. समोरचे चार दात गेले. धाक घालणं म्हणतात ते हेच.

आत्यांना आतल्या खोलीत आणून निजवलं. जबडा सुजला, ताप चढला. पद्मावती चमच्यानं पेज घालायची, ती रक्ताबरोबर बाहेर यायची. एक दिवस घरात कुणी नाही असं पाहून तिनं आत्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळं सांगितलं. कपाट, बिब्बे, बाटली, आपलं गप्प बसणं.  आत्यांनी पद्मावतीचा दंड चाचपला.

"जलजल थांबली का गं?" त्यांनी विचारलं.

शिव्या दिल्या असत्या तर पद्मावतीनं त्या पोटात घातल्या असत्या. हे शब्द तिला कुठंच ठेवता येईनात. पंधरवड्याच्या आतच आत्या गेल्या.

दगड थांबले. "बघा, ती गेली आणि बला टळली," गल्लीनं सुटकेचा श्वास टाकला. बावडीचा दोर काढून टाकला होता, पाण्यावर शेवाळ धरलं होतं. पण भर दुपारी पोळ्या लाटताना पद्मावतीला रहाट कुरकुरलेला ऐकू यायचा. ती हातातलं टाकून अंगणात धावायची. अंगणात कुणी नसायचं. कधी वाटायचं, कठड्याशी कुणी पुटपुटतंय, पण शब्द बोबडे येताहेत. नळावर मात्र बायका पहाटेपासून भांडत होत्या. पाण्याअभावी गंगूच्या दोन म्हशी विकल्या गेल्या. आत्यांच्या बावडीचं नाव कुणी काढत नव्हतं.

भूमिपूजनाचा मुहूर्त निघाला. बावडी बुजवायला मुरमाच्या गाड्या आल्या. पाटावर मुकुंदराव बसले, शेजारच्या पाटावर हिरव्या शालूत पद्मावती. समोर हिम्मतराव, मानाचं उपरणं घ्यायला आलेला दत्तोबा, भोवती गल्ली. भटजींनी संकल्प सोडायला पळीत पाणी घेतलं.

"वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा."

पद्मावतीनं हात मांडीवरच ठेवला. भटजींनी पुन्हा सांगितलं.

"नाही लावणार," ती म्हणाली. "या हातानं मला बिब्बा लावला आहे."

ती उभी राहिली. बाही वर करून तिनं काळी फुली गल्लीला दाखवली, आणि कपाटात काय होतं ते एकेक करून सांगितलं. दगड कुणाच्या माणसानं टाकले, ते हिम्मतरावांकडे बोट करून त्यांनाच विचारलं. मुकुंदराव पाटावरून उठलेसुद्धा नाहीत.

"हिला आत्यानं झपाटलंय," ते लोकांकडे पाहून शांतपणे म्हणाले. "दत्तोबा, बघा जरा."

दत्तोबाची नजर पिशवीकडे गेली. गर्दी दोन पावलं मागं सरली. ते मागं सरणं पद्मावतीनं ओळखलं. आत्यांच्या वेळी तीही अशीच मागं उंबऱ्यात राहिली होती. ती दत्तोबासमोर जाऊन बसली आणि तिनं तोंड उघडलं.

"घ्या. माझेही पाडा. मग कपाट उघडा आणि बघा, बिब्बे तिथं आहेत की नाहीत."

दत्तोबानं पिशवीला हात लावला नाही. मग गंगू पुढं आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाई," ती म्हणाली, "मी पाय धरले व्हते तिचे. तुम्ही तवा का बोलला नाहीत?"

 सगळ्यांदेखत पद्मावतीला रडू कोसळलं. मुरमाच्या गाड्या तशाच परत गेल्या. डागी जागेला गिऱ्हाईक मिळत नाही, एवढी अक्कल हिम्मतरावांना होती. शरमेचा त्यात काही भाग नव्हता. मुकुंदराव पुढंही कोर्टात उभे राहून लोकांसाठी न्याय मागत राहिले. घरात त्यांच्याशी कुणी बोलत नसे.

पद्मावतीनं बावडी उपसून घेतली. दोर पुन्हा बांधला तो गंगूनं. आणि कुठं भानामती झाल्याचं कानावर आलं, की पद्मावती दोघी मुलींना गंगूकडे ठेवून तिकडे जाऊ लागली. पुष्कळ ठिकाणांहून तिला हाकलून दिलं. जिथं उभं राहू दिलं, तिथं ती आधी दंड दाखवायची आणि म्हणायची, "मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसले."

कुकटपल्ली तेव्हा खेडं होतं. शहर हळूहळू त्या दिशेनं सरकू लागलं होतं. तिथल्या एका विधवेवर आळ आल्याचं कळून ती गेली, तेव्हा बाईला देवळापुढं बसवलं होतं आणि गाव भोवती जमलं होतं. पद्मावती मोडक्यातोडक्या तेलुगूत बोलली. भानामती कुणी केली, हे तिनं विचारलं नाही.

"हिची जमीन कुठली?" तिनं विचारलं.

 पुढं उभ्या असलेल्या दोघातिघांची नजर नकळत नव्या सडकेला लागून असलेल्या शेताकडे गेली.