रागोतचा खर्ज

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. केनियातल्या किसुमू शहरातल्या एका निळ्या मोटारीच्या डाव्या दारात माझे बिऱ्हाड आहे आणि उजव्या दारात माझा जुळा भाऊ राहतो. कागदाची छाती, पाठीला लोहचुंबक, दोन तारा. एवढीच आमची मालमत्ता.

आधी आमची मोटार टॅक्सी होती. तेव्हा प्रवासी आमच्या तालावर पाय आपटत. पुढे कुणीतरी डावे दार दुरुस्त केले आणि तेव्हापासून "आवाज पोकळ येतो" अशी बोलणी सुरू झाली. का, ते मला कळेना.

मग आदोंगो नावाच्या शिक्षिकेने मोटार घेतली. तिचे वडील ओल्वेनी एके काळचे नावाजलेले गिटारवादक. त्यांचा जिवलग रागोत बेस गिटार वाजवायचा, म्हणजे गाण्याचा खर्ज सांभाळायचा. रागोत वारला. दोघांचे शेवटचे गाणे एका टेपवर उरले होते. आदोंगोने ते संगणकात उतरवून घेतले आणि नंतर त्या टेपला बुरशी लागली.

एके दिवशी तिने ते गाणे फोनवरून मोटारीत लावले. ओल्वेनींनी कान टवकारले आणि मान हलवली.

"यात रागोत कुठाय?"

"बाबा, आहे की!"

"माझीच टिणटिण ऐकू येतेय. तुमच्या यंत्रानं माणूस गिळला, पोरी."

आदोंगोने गाणे पुन्हा पुन्हा लावून पाहिले. खर्ज खरेच उतरला नसेल, तर रागोत कायमचा गेला!

तिने मोटार नेकेसाच्या दुकानी नेली. नेकेसा गाड्यांतल्या आवाजाची मोठी कारागीर. ती मला पाहून म्हणाली, "हे म्हातारे काढून टाकू." माझी छाती धडधडू लागली! पण तिने दार उघडले, मला बोटाने हळूच दाबून पाहिले. "नाही गं, तब्येत ठणठणीत आहे. गाणं कुठून आणलंस?"

"फोनवर. मी भावाला धाडलं होतं, त्यानं मावशीला, तिनं परत मला."

"म्हणजे तीनदा पिळलेला ऊस! रस कुठून निघणार?"

आदोंगो धावत शाळेत गेली आणि संगणकातली मूळ प्रत घेऊन आली. गाणे लागले. गिटारीची तार न् तार लख्ख झाली! पण खर्ज नाहीच. नेकेसाने दाराच्या पत्र्याला आतून डांबराचे जाड पट्टे चिकटवले. खडखड थांबली. तरी रागोत गप्पच. आदोंगोचे डोळे भरून आले.

तेव्हा नेकेसाने घड्याळातला सेल माझ्या तारांना लावला. माझी छाती आत गेली. भावाला लावला, त्याची बाहेर आली.

"अगं, हे दोघं भांडतायत!" ती ओरडली. "एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. यांच्या भांडणात खर्ज मरतो. डाव्याच्या तारा कुणीतरी उलट्या जोडल्यात!"

मित्रांनो, मी शरमेने गारठलो. इतकी वर्षे मी माझ्याच भावाचा आवाज खोडत होतो!

तिने तारा बदलल्या, गाणे लावले, आणि धुम्म! धुम्म-धुम्म! सगळे दार भरून आले. सोबत आलेले ओल्वेनी समोरच्या बाकावर चहात मंदाझी, म्हणजे तळलेला गोड पाव, बुडवून खात होते. मंदाझी कपातच राहिली. ते धावत आले.

"रागोत! लेका, अजून घाईतच आहेस!" ते हसत होते आणि गालांवरून पाणी वाहत होते. "पोरी, माझं चुकलं. काढ गाडी. पेरेसवहिनींकडं चल."

पेरेस म्हणजे रागोतची बायको. ती अंगणात मासळी वाळत घालत होती. गाणे सुरू होताच ती आली आणि तिने ओला तळवा दारावर, अगदी माझ्यावर, टेकवला.

"ऐकताय का भावजी? कडवं संपायच्या आत पुढं पळतोय. जेवायलाही असाच बसायचा मेला!" असे म्हणून ती चक्क नाचू लागली.

मित्रांनो, आवाज बिघडला की आम्हा जुन्यांना भंगारात टाकण्याची घाई करू नका. आधी गाणे तपासा, दार तपासा, तारा तपासा. आमच्या पोटात कुणाचा आवाज अडकला असेल, सांगता येत नाही. बरे, आता थांबतो. पेरेसबाईंनी तेच गाणे सातव्यांदा लावायला सांगितले आहे!